पत कशी सांवरावी?



आजचा विषय एखाद्या अर्थशास्त्राच्या अध्यापकानें किंवा बँकेंतील अधिकाऱ्यानें हातीं घेतला असता, तर तें अधिक शोभलें असतें. मी केवळ मॅट्रिक झालेला, पुढें शिक्षकाची पदविका घेऊन छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलेला मनुष्य. त्यांतील शेवटचीं नऊ वर्षें मुख्याध्यापकाच्या खुर्चींत काढलीं. सरळव्याजाचीं उदाहरणें मीं फळ्यावर किती वेळां सोडविलीं असतील, त्याची गणती नाहीं. असें असूनहि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं माझीच पत बिघडली असल्याचें मला एका बँकेंत बसून ऐकावें लागलें. तेव्हां हें भाषण तज्ज्ञाचें नसून ठेच लागलेल्या माणसाचें आहे, असें समजून आपण तें ऐकावें.

ही गोष्ट २०२४ सालच्या सप्टेंबर महिन्यांतील. माझी धाकटी मुलगी बी. फार्म. झाली होती आणि पुढील शिक्षणासाठीं तिला एका महाविद्यालयांत प्रवेश मिळाला होता. दोन वर्षांची फी आणि वसतिगृह मिळून खर्च अडीच लाखांच्या वर जात होता. पहिल्या वर्षाची रक्कम बारा दिवसांत भरावयाची होती. शैक्षणिक कर्जांत विद्यार्थ्याबरोबर आईला किंवा वडिलांना सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. म्हणून मी निवृत्तिवेतनाचीं कागदपत्रें घेऊन निर्धास्त मनानें बँकेंत गेलों. समोरच्या तरुण अधिकाऱ्यानें माझा पॅन क्रमांक यंत्रांत घातला, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलें आणि आवाज उतरवून तो म्हणाला, "गुरुजी, ताईंच्या मार्कांत कांहीं कमी नाहीं. अडचण तुमच्या सिबिलची आहे. पांचशें एकसष्ट दाखवितो आहे." मुलगी शेजारींच बसली होती. तिनें माझ्याकडे पाहिलें नाहीं. ती खिडकींतून बाहेर पाहत राहिली. अधिकाऱ्याच्या बोलण्यापेक्षां तेंच मला अधिक लागलें.

पहिल्या वर्षाच्या रकमेची सोय माझ्या पत्नीनें आपल्या पाटल्या काढून केली. त्या सोन्यावर कर्ज काढलें आणि फी भरली. परंतु त्यापूर्वीं मीं आणखी एक चूक करून ठेवली होती. नकार मिळाल्याच्या संतापांत मी त्याच आठवड्यांत दुसऱ्या तीन बँकांच्या पायऱ्या चढलों. प्रत्येकीनें माझी माहिती मागविली, आणि अशा प्रत्येक मागणीची नोंद होते, हें मला ठाऊक नव्हतें. थोड्या दिवसांत चार ठिकाणीं कर्ज मागणारा मनुष्य अडचणींत असला पाहिजे, असा तर्क करण्यांत येतो आणि त्यानें पत आणखी खालीं येते. नकार मिळाला म्हणजे पुढच्या दारीं धांव न घेतां प्रथम घरीं यावें आणि नकाराचें कारण कागदावर पाहावें, हें शहाणपण मला मागाहून आलें.

आपल्या भाषेंत 'पत' हा शब्द अब्रू आणि उधारी मिळण्याची योग्यता अशा दोन्ही अर्थांनीं चालतो. पूर्वीं माणसाची पत लोकांच्या तोंडीं आणि सावकाराच्या वहींत असे. त्या वहींत काय लिहिलें आहे, हें कुळाला वाचतां येत नसे, आणि वाचतां आलें तरी पाहावयास मिळत नसे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली, तेव्हां त्यांचा मुख्य रोख दस्तऐवज आणि खतें जाळण्यावर होता. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत पैसे भरल्याची लेखी पावती आणि हिशेबाचा वार्षिक उतारा मागण्याचा अधिकार कुळाला देण्यांत आला. आपल्या नांवावर काय मांडलें आहे तें पाहण्याचा हक्क मिळण्यासाठीं आपल्याकडे दंगा व्हावा लागला. आज तो हक्क घरबसल्या मिळतो, आणि माझ्यासारखे शिकलेले लोक तो वापरीत नाहींत.

आतां त्या वहीविषयीं थोडें सांगतों. सिबिल हें वस्तुतः एका कंपनीचें नांव आहे. ती २००० सालीं निघाली आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल या नांवानें चालते. तिच्याखेरीज एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या आहेत. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्यानें त्यांचा कारभार बांधलेला असून रिझर्व बँक त्यांवर देखरेख ठेवते. बँका आणि पतसंस्था आपल्या कर्जदारांची माहिती त्यांना पुरवितात. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला किंवा त्याहून लवकर पुरवावी असा नियम झाला. त्या माहितीवरून तीनशें ते नऊशें यांमधील एक अंक काढला जातो. साडेसातशेंच्या वर अंक असला म्हणजे बँका सहसा समाधानी असतात. लोक या अंकाच्याच मागें लागतात. मीहि लागलों होतों. परंतु अंक हा परीक्षेच्या निकालासारखा आहे. निकालाकडे पाहून रडण्यापेक्षां उत्तरपत्रिका पाहावी. ती उत्तरपत्रिका म्हणजे पतअहवाल. जानेवारी २०१७ पासून या चारहि कंपन्यांकडून वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. आपला अहवाल आपण मागविल्यानें अंक कमी होत नाहीं.

मुलीनें तो मला मोबाइलवरून काढून दिला आणि जवळच्या दुकानांतून कागदावर छापून आणला. रात्रीं जेवणें झाल्यावर मी, पत्नी आणि मुलगी असे तिघे तांबडी पेन्सिल घेऊन बसलों. प्रत्येक कर्जाच्या खालीं गेल्या छत्तीस महिन्यांचे चौकोन असतात आणि त्या महिन्यांत हप्ता किती दिवस थकला त्याचा आंकडा त्या चौकोनांत असतो. तीन शून्यें म्हणजे वेळेवर भरणा. नव्वद दिवसांहून अधिक थकलें म्हणजे बँकेच्या हिशेबीं तें खातें बुडीताच्या वाटेला लागलें. माझ्या अहवालांत तीन ठिकाणीं तांबड्या खुणा झाल्या. पहिली एका क्रेडिट कार्डाची. दुसरी एका सहकारी बँकेच्या कर्जाची. तेथें माझ्या नांवापुढें 'जामीनदार' असें होतें. तिसरी दुचाकीच्या कर्जाची, आणि ती गाडी ज्या शहरांत घेतली होती तेथें मीं जन्मांत कधीं पाऊल टाकलेलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं जें केलें त्याचा मला आजहि अभिमान वाटतो, म्हणून तें थोडें विस्तारानें सांगतों. शाळेंत मुख्याध्यापकाच्या टेबलावर आवक-जावक नोंदवही असते. आलेल्या प्रत्येक पत्राला क्रमांक, गेलेल्या प्रत्येक पत्राला क्रमांक, तारीख, कोणाकडून, कोणाकडे, विषय, आणि शेवटच्या रकान्यांत काय कार्यवाही झाली तें. मीं दोनशें पानी वही आणून तसेच रकाने आंखले. तीन खात्यांचीं तीन जाड पाकिटें केलीं आणि प्रत्येकावर खाते क्रमांक, रक्कम आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता लिहिला. मग कपाटांतील, गादीखालील आणि देवघराच्या फळीवरील सारीं कागदपत्रें बाहेर काढलीं. जुनीं पासबुकें, मुदतठेवीच्या पावत्या, विजेचीं बिलें, कर्जाच्या विनंतिपत्राची अर्धवट फाटलेली प्रत. निम्मे कागद निरुपयोगी होते, पण उरलेल्या निम्म्यांनींच पुढें माझी सुटका केली.

या वहीचा एक नियम मीं पाळला: तोंडीं झालेलें कांहींहि झालेंच नाहीं असें समजावयाचें. बँकेच्या सेवाकेंद्रास फोन केला तर बोलणाऱ्याचें नांव, वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावयाचा, आणि त्याच संध्याकाळीं ई-मेल पाठवावयाचें कीं, आज इतक्या वाजतां आपणांशीं झालेल्या संभाषणांत आपण अमुक सांगितलें, तें बरोबर आहे असें मी समजतों. शाखेंत अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय तेथून उठावयाचें नाहीं. एका कारकुनाला माझा हा हट्ट आवडला नाहीं. "आजोबा, आमच्यावर विश्वास नाहीं काय?" असें तो म्हणाला. मीं सांगितलें, "विश्वास आहे, म्हणूनच शिक्का मागतों." हें उत्तर मला त्या वेळीं कसें सुचलें कोण जाणे; एरवीं मला अशीं उत्तरें घरीं परतल्यावर सुचतात.

आतां तीं तीन खातीं. कार्डाची हकीकत लहान पण लाजिरवाणी आहे. निवृत्तीच्या वर्षीं बँकेंतील एका मुलानें तें 'फुकट' म्हणून गळ्यांत घातलें. त्यावर मीं एकदांच मिक्सर घेतला, त्याचे पैसे वेळेवर भरले आणि कार्ड कपाटांत टाकलें. दुसऱ्या वर्षापासून त्यावर वार्षिक फी पडूं लागली. ती न भरल्याबद्दल दंड, दंडावर व्याज. बऱ्याच कार्डांवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज असतें. सरळव्याजानें धरलें तरी वर्षाचे बेचाळीस टक्के होतात. माझ्या वर्गांतील मुलानें असें उत्तर काढलें असतें, तर मीं त्याला पुनः ताळा पाहावयास सांगितलें असतें. पांचशें रुपयांच्या फीचे सात हजार तीनशें झाले होते. मीं तक्रार लिहिली, कांहीं दंड कमी झाला, राहिलेली रक्कम भरली आणि कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला. बाकी नसेल तर असा अर्ज आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणें बँकेवर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास दर दिवसाला पांचशें रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा रिझर्व बँकेचा २०२२ चा आदेश आहे.

दुचाकीच्या खात्यानें मला अधिक शिकविलें. माझ्याच नांवाचा, माझ्याच वडिलांच्या नांवाचा दुसरा कोणी गृहस्थ होता. जन्मतारखेंत एका अंकाचा फरक होता आणि पॅन अर्थातच निराळा. ८ ऑक्टोबर २०२४ रोजीं मीं पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदविली. मला वाटलें, आतां ती नोंद खोडून टाकतील. परंतु ती कंपनी स्वतःच्या अधिकारांत कांहींहि खोडीत नाहीं. ती कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते, आणि संस्थेनें होय म्हटल्यावरच बदल करते. प्रथम मला राग आला. नंतर आठवलें कीं, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांत मुलाची जन्मतारीख बदलून द्या म्हणून पालक येत, तेव्हां मी त्यांना पुराव्याशिवाय हात लावूं देत नसें. कित्येकांना मीं दोन-दोन खेटे घालावयास लाविले आहेत. आतां मी त्या बांकावर बसलों होतों.

नियम असा आहे कीं, तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागला पाहिजे. त्यांतील एकवीस दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेला मिळतात. न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी, असें रिझर्व बँकेनें ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानें ठरविलें आणि सहा महिन्यांनीं तें अमलांत आलें. तीस दिवस गेले, उत्तर नाहीं. मीं वहींतील तारखा उतरवून, पॅनची प्रत आणि त्या काळांतील माझ्या निवासाचा पुरावा जोडून, संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि पतमाहिती कंपनीला एकाच मजकुराचीं दोन पत्रें पाठविलीं. त्यांत शेवटीं एवढेंच लिहिलें कीं, आणखी विलंब झाल्यास मी रिझर्व बँकेच्या लोकपालाकडे जाईन. १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याहि लोकपालाच्या कक्षेंत आल्या आहेत, आणि तेथें तक्रारीस एक पैसाहि पडत नाहीं. १८ नोव्हेंबरला, एकेचाळिसाव्या दिवशीं, नोंद निघाली. अकरा दिवसांचे अकराशें रुपये माझ्या खात्यावर आले. पत्नीनें विचारलें, "एवढ्या मनस्तापाचे अकराशेंच?" परंतु मला ते पहिल्या पगारासारखे वाटले.

राहिलें तें जामीनकीचें कर्ज. येथें मात्र नोंद खरी होती. २०१६ सालीं माझ्या एका सहकाऱ्यानें घरदुरुस्तीसाठीं तीन लाख रुपये काढले. मधल्या सुट्टींत शिक्षकांच्या खोलींत चहा चालला असतां त्यानें कागद पुढें केला आणि मीं सही केली. शिक्षकांच्या जगांत ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिला कोणी कर्ज म्हणतच नाहीं. आज मी तुला, उद्यां तूं मला. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमान्वयें, करारांत निराळें कांहीं ठरलें नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणजे सही करतांना आपण शिफारस करीत नसतों, कर्जच घेत असतों. फक्त पैसे दुसऱ्याच्या हातीं जातात. सहकारी प्रामाणिक होता. २०१९ अखेर हप्ते नीट गेले. मग तो आजारी पडला आणि २०२० सालीं वारला. बँकेनें मला नोटिसा पाठविल्या होत्या, परंतु निवृत्तीनंतर मीं घर बदललें आणि नवा पत्ता बँकेला कळविला नव्हता. थकबाकी व्याजासह चौऱ्यांशीं हजार तीनशें रुपये.

बँकेंत गेलों तेव्हां व्यवस्थापकांनीं सहानुभूतीनें एकरकमी तडजोड सुचविली: अठ्ठावन्न हजार भरा, राहिलेले आम्ही सोडून देतों. सव्वीस हजारांची सवलत. आमच्या घरीं त्यावर दोन दिवस वाद चालला. पत्नीचें म्हणणें सरळ होतें: आपण एक रुपया वापरला नाहीं, मग सवलत का सोडावयाची? परंतु तडजोड केली म्हणजे अहवालांत 'सेटल्ड' असा शेरा पडतो. वाचणाऱ्या पुढच्या बँकेला त्याचा अर्थ असा लागतो कीं, या माणसानें घेतलें तेवढें परत केलें नाहीं. पूर्ण फेड झाली तर शेरा 'क्लोज्ड' असा होतो. मागील थकबाकीच्या खुणा तशाच दिसत राहतात, पण शेवट बरोबर लागलेला दिसतो. या कंपन्या माहिती निदान सात वर्षें जपून ठेवतात. मुलीच्या दुसऱ्या वर्षाच्या कर्जावर मला पुनः सही करावयाची होती. मीं मुदतठेव मोडून संपूर्ण रक्कम डिसेंबरांत भरली.

ज्याच्यापाशीं पैसाच नाहीं त्यानेंहि असेंच करावें, असें मी म्हणणार नाहीं. चूल बंद ठेवून अहवाल उजळ करण्यांत अर्थ नाहीं. अशा माणसानें तडजोड करावी. खातें वर्षानुवर्षें उघडें लोंबकळत राहण्यापेक्षां तें बरें. पुढें हात सैल झाल्यावर सोडून दिलेली बाकी भरून शेरा बदलून मागतां येतो. परंतु काय पत्करतों आहों, हें माहीत असून पत्करावें. 'मिटवून टाकूं' हा शब्द वसुलीच्या माणसांच्या तोंडीं फार गोड वाटतो. मिटतें ती त्यांची डोकेदुखी.

पैसे भरल्यावर तेथेंच थांबूं नये. बेबाकी दाखला हातीं घ्यावा, त्यांत खाते क्रमांक आणि 'कांहींहि येणें बाकी नाहीं' हें वाक्य आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि महिन्या-दीड महिन्यानें अहवालांत शेरा बदलला आहे कीं नाहीं हें तपासावें. माझ्या बाबतींत तो पहिल्या वेळीं बदललाच नव्हता. जावक क्रमांक सतरा, स्मरणपत्र, मग बदलला.

याच सुमारास एका गृहस्थाचा फोन आला. पांच हजार रुपये द्या, पंधरा दिवसांत अंक साडेसातशें करून देतों. आपला अंक कमी आहे हें त्याला कसें कळलें, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं. त्यानें मोबाइलवर येणारा ओ.टी.पी. मागितला तेव्हां मीं फोन ठेवला. खरी नोंद पैसे घेऊन कोणालाहि काढतां येत नाहीं, आणि खोटी नोंद काढावयास पैसे पडत नाहींत.

उरलेलें काम कंटाळवाणें होतें. सोन्यावरील कर्जाचा हप्ता निवृत्तिवेतन जमा होण्याच्या दुसऱ्याच दिवशीं परस्पर वळता होईल अशी व्यवस्था केली. हेंहि कर्ज अहवालांत दिसतें, त्यामुळें दर महिन्याला तीन शून्यांचा एक नवा चौकोन माझ्या नांवावर पडूं लागला. मार्च २०२५ मध्यें अंक सहाशें अठ्ठेचाळीस झाला, ऑगस्टांत सातशें दोन. साडेसातशें अजून झालेला नाहीं. सप्टेंबरांत मी पुनः पहिल्याच बँकेंत गेलों, या वेळीं वही आणि तिन्ही पाकिटें घेऊन. अधिकारी बदलला होता. नव्या बाईंनीं बेबाकी दाखले वाचले, नोंद चुकीची असल्याचें पत्र वाचलें आणि सारें पुनः पहिल्यापासून वाचलें. कर्ज मंजूर झालें, नेहमींपेक्षां अर्धा टक्का अधिक व्याजानें. मुलगी म्हणाली, "बाबा, अर्ध्या टक्क्याचें मी बघते." पाटल्या तेरा महिन्यांनीं घरीं परत आल्या, पत्नीनें त्या हातांत न घालतां कपाटांत ठेवल्या आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीला मीं या पैशांबद्दल कांहींहि कळविलें नव्हतें. कायद्यानें मला ते मूळ ऋणकोच्या मालमत्तेंतून मागतां आले असते, पण मागण्याचें मनांत आलें नाहीं. तिला तें बँकेंतूनच कुठून तरी कळलें. २०२५ च्या संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन घरीं आली आणि उठतांना हजार रुपये टेबलावर ठेवून म्हणाली, "भाऊजी, दर महिन्याला एवढेंच जमेल." मीं नको म्हटलें. "ह्यांचें नांव त्या कागदावर आहे ना," ती म्हणाली, "मग राहूं द्या." तेव्हांपासून ती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत येते. मी वहींत आवक क्रमांक घालतों, पावती लिहितों आणि खालीं सही करतों. वहिनी ती पावती दोनदां वाचतात, घडी करतात आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवण्यासाठीं घेऊन जातात.